संत्र्याचा रस रात्रीतून कडू: भौतिक बदल की रासायनिक?

चकली_बिघडली

मंडळी, प्रश्न दोन आहेत, पण दोन्ही एकाच पातेल्यातले.

मागच्या आठवड्यात दिरांनी काटोलहून संत्र्यांची पेटी पाठवली. फळ सुरेख, गोड, हात लावला की साल सुटणारं. रविवारी रात्री डझनभर सोलली, मिक्सरला फिरवली, गाळली. एक ग्लास तिथल्या तिथे प्यायले, अमृत. उरलेला रस काचेच्या बाटलीत भरून, झाकण लावून फ्रीजमध्ये ठेवला. सकाळी डब्याच्या गडबडीत लेकीला दिला तर एक घोट घेऊन म्हणाली, "आई, कडुलिंब घातलास का यात?" मी चाखला. खरंच कडू. आंबलेला नव्हता, वास ताजा, रंग तोच. फक्त घोट गिळला की मागून कडूजहर.

आता दुसरा प्रश्न. लेक सातवीत आहे. त्याच आठवड्यात विज्ञानाच्या वहीत दोन रकान्यांचा तक्ता करायचा होता, भौतिक बदल आणि रासायनिक बदल. बाईंच्या यादीत 'फळाचा रस काढणे' होतं. तिने ते 'भौतिक'खाली लिहिलं, बाईंनी बरोबरची खूण केली. आता ती मला विचारते, फळ नुसतं पिळलं, नवीन काही तयार झालं नाही, तर मग कडू काय झालं?

मी बी.कॉम. आहे. वाचवा.

टवाळ_तात्या

रात्री बारानंतर जीएसटी लागला असेल.

उंटावरचा_शहाणा

बिया वाटल्या गेल्या. मिक्सरमध्ये दुसरं काय होणार? धागा बंद करा.

चकली_बिघडली

@उंटावरचा_शहाणा, बिया काढल्या होत्या हो. एखादी राहिली असेल. पण बियांमुळे असेल तर रात्रीचा ग्लास पण कडू लागायला हवा होता ना?

वऱ्हाडी_ठसका

काहून ठेवता बाप्पा रस काढून? संत्रं सोलायचं, फोड तोंडात टाकायची, विषय संपला. आमच्याकडे वरुडला बागेत बसून दहा-बारा सहज होतात. रस काढून बाटलीत भरणं हे मुंबई-ठाण्याचे चाळे.

गंमत सोडा. हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. नागपुरी संत्र्याचा रस ठेवला की कडू होतो. रस विकणारा गाडीवाला पण समोर काढून देतो, आधी काढून ठेवत नाही. का होतो ते मात्र मला सांगता यायचं नाही. तुमची पेटी आंबिया बहराची असेल, म्हणजे नोव्हेंबरातली. त्यातही सुरुवातीचा तोडा असला की रस जास्त दगा देतो. मृग बहराचं फळ फेब्रुवारी-मार्चात येतं.

प्रयोगवही

बत्तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं, आता निवृत्त. हा प्रश्न मला एकाही विद्यार्थ्याने विचारला नाही याची खंत वाटतेय. तुमच्या लेकीला माझ्याकडून एक चॉकलेट.

कडूपणा आणणाऱ्या द्रव्याचं नाव लिमोनिन. आणि झाडावरच्या अखंड फळाच्या गरात ते जवळपास नसतंच! पाकळीच्या पातळ सालीत आणि आतल्या पांढऱ्या शिरांत त्याचं एक बेचव पूर्वरूप असतं. या रेणूत अणूंची जी कडी असतात, त्यातलं एक उघडं असतं. जोवर ते आपल्या पेशीत आहे तोवर आम्लाशी त्याची गाठ पडत नाही, कारण आंबट रस वेगळ्या इवल्याशा पिशव्यांत कोंडलेला असतो. मिक्सरचं पातं फिरलं की मधल्या भिंती फुटतात. मग आम्लाच्या सहवासात ते उघडं कडं हळूहळू बंद होतं. कडं बंद झालेला रेणू म्हणजे लिमोनिन, आणि तो कडू. फळातलंच एक विकर (एन्झाइम, म्हणजे रासायनिक बदलाचा वेग वाढवणारं प्रथिन) या कामाला हातभार लावतं.

म्हणून रात्रीचा ग्लास गोड, सकाळचा कडू. फ्रीजने वेग मंदावतो, थांबत नाही. रस तापवला तर उलट झपाट्याने कडू होतो. बाटलीबंद रस करणाऱ्यांची खरी डोकेदुखी हीच, कारण टिकवायचा तर तापवणं आलं. कारखान्यांत त्यासाठी रस खास रेझिनच्या दाण्यांमधून सोडतात, दाणे लिमोनिन धरून ठेवतात.

@वऱ्हाडी_ठसका, पहिल्या तोड्याबद्दल तुम्ही म्हणता ते अगदी बरोबर. फळ पक्व होत जातं तसं ते पूर्वरूप साखरेच्या रेणूशी जोडलं जातं आणि त्या जोडीला कडू चव नाही. जितकं फळ पिकलेलं, तितका कडूपणाचा कच्चा माल कमी.

@उंटावरचा_शहाणा, तुम्ही अर्धे बरोबर. बियांत लिमोनिन तयार स्वरूपात भरपूर असतं. ते पहिल्यांदा वेगळं केलं गेलं तेही बियांतूनच, १८४१ साली. त्या रेणूची नेमकी रचना कळायला मात्र १९६० उजाडावं लागलं. पण बी वाटली गेली तर कडूपणा लगेच यायला हवा. उशिरा येतो त्याचं कारण ते कडं.

तेव्हा रस काढणं भौतिक, पण तेवढ्या क्षणापुरतंच. पुढची सगळी रात्र रासायनिक.

उंटावरचा_शहाणा

अर्धा तरी बरोबर ठरलो, या घरात हे पहिल्यांदाच होतंय.

शिकागोची_थंडी

अच्छा, म्हणून! इथे नेव्हल जातीची बिनबियांची संत्री मिळतात. सोलून खायला झकास, पण रस काढून ठेवला की हाच प्रकार. खोक्यातला रस बहुतेक व्हॅलेन्सिया जातीचा असतो आणि नेव्हल खायला विकतात, ते का हे आज कळलं. वीस वर्षं इथे राहून उत्तर वरुड-काटोलमार्गे आलं.

रेवदंडेकर

मोसंबीचंही असंच होतं. आजारी माणसाला भेटायला जाताना थर्मासमध्ये मोसंबीचा रस भरून नेण्याची पद्धत होती. तो दुपारपर्यंत कडवट व्हायचा आणि आजारी माणूस निमूट प्यायचा. तापामुळे तोंड कडू झालंय असं सगळे म्हणायचे. आता त्या सगळ्या काका-मामांची माफी मागावीशी वाटते.

अन्नपूर्णा_ठाणे

ज्ञानात भर पडली. पण मला व्हॉट्सॲपवर आलेलं की रस काढल्यावर वीस मिनिटांत त्यातलं क जीवनसत्त्व नष्ट होतं, म्हणून ठेवूच नये. खरं आहे का?

प्रयोगवही

नाही. संत्र्याच्या रसातलं आम्लच त्या जीवनसत्त्वाला सांभाळतं. झाकण लावून थंड ठेवलेल्या रसात एका रात्रीत फार फरक पडत नाही. हवा, उष्णता आणि अल्कली (सोड्यासारखे, आम्लाच्या उलट गुणाचे पदार्थ), हे त्याचे शत्रू. कडू रस वाईट नसतो, फक्त कडू असतो.

डॉक्टर_रविवारी_बंद

इथे थांबवतो, कारण 'कडू रस वाईट नसतो' हे वाक्य कुणीतरी भलत्याच ठिकाणी वापरेल. संत्रं-मोसंबीपुरतं ठीक. दुधीचा रस कडू लागला तर एक घोटही पुढे घेऊ नका. दुधी, काकडी, दोडका या कुळात कुकुरबिटासिन नावाची कडू द्रव्यं असतात. एखाद्या दुधीत ती एवढी वाढतात की उलट्या, जुलाब, रक्ताची उलटी, रक्तदाब कोसळणं, इथपर्यंत जातं. आपल्या देशात यामुळे मृत्यू झालेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या समितीनेही कडू दुधीचा रस पिऊ नका असंच सांगितलं आहे. शिजवून ते विष जात नाही. कापल्यावर दुधीचा छोटा तुकडा चाखून पाहायची आजीची सवय शंभर टक्के शास्त्रीय. कडू लागला की थुंकायचा आणि दुधी फेकायचा. 'औषध आहे, कडूच असणार' म्हणत रेटून पिणारे माझ्याकडे येतात.

चकली_बिघडली

बाप रे. हे माहीत नव्हतं. सासऱ्यांना आत्ताच वाचून दाखवलं, ते रोज सकाळी घेतात.

शिकागोची_थंडी

कडूवरून आठवलं. पाडव्याला चक्का बांधून श्रीखंड केलं आणि हौसेने ताज्या अननसाचे तुकडे घातले. संध्याकाळी पाहुणे आले तेव्हा श्रीखंडाचं पातळ मठ्ठ्यासारखं काहीतरी झालं होतं आणि चव कडू. इथे पण तेच कडं का?

अन्नपूर्णा_ठाणे

हे मला माहीत आहे, सर तुम्ही थांबा! ताजा अननस श्रीखंडात घालायचाच नाही. साखर घालून पाच-दहा मिनिटं शिजवायचा, गार करायचा, मग घालायचा. डब्यातला अननस चालतो. आमच्या केटरिंगमध्ये पहिल्याच ऑर्डरला हा धडा मिळाला होता, दीडशे वाट्या श्रीखंड. कारण मात्र सरांनी सांगावं.

प्रयोगवही

कारण ब्रोमेलेन, अननसातलं प्रथिनं तोडणारं विकर. ते चक्क्यातल्या केसिनचे, म्हणजे दुधातल्या मुख्य प्रथिनाचे, तुकडे करतं. जाळं तुटलं की पाणी सुटतं, आणि त्या तुकड्यांतले काही कडू असतात. शिजवल्यावर विकर निकामी होतं. म्हणून अननसाचा शिरा कधी फसत नाही. कच्च्या पपईचा पपेन तसाच, मटणाला लावतात तो त्यासाठीच. किवीसुद्धा याच टोळीतली.

थोडक्यात, दोन्हीकडे कडू, पण रस्ते वेगळे. संत्र्यात तापवलं की बिघडतं, अननसात तापवलं की सुधारतं.

टवाळ_तात्या

संसारात पण दोन्ही प्रकारची माणसं असतात. कोण कुठलं हे लग्नानंतर कळतं. (हलके घ्या.)

रसवंतीचा_भाचा

माझ्या मामांची बसस्टँडबाहेर रसवंती होती. सुट्टीत मी चरकावर बसायचो, घुंगरांचा आवाज अजून कानात आहे. उसाचा रस कडू होत नाही, काळा पडतो. दहा मिनिटं उघडा ठेवा, हिरवट-पिवळा रस मळकट होतो. मामा ऊस खरवडून घ्यायचे आणि चरकातून काढतानाच आलं-लिंबू मध्ये कोंबायचे. चवीसाठी तर आहेच, पण लिंबू घातलेला रस लवकर काळा पडत नाही हे त्यांना अनुभवाने माहीत. बर्फाचंही तेच. गिऱ्हाईक 'बिनबर्फाचा, बिनलिंबाचा' म्हणालं की मामा सांगायचे, "मग इथंच उभं राहून प्या."

प्रयोगवही

मामांना नमस्कार. सफरचंद, वांगं, बटाटा चिरल्यावर जे होतं तेच. पेशी फुटली की पॉलिफिनॉल ऑक्सिडेज या विकराला हवेतला ऑक्सिजन मिळतो आणि तपकिरी-काळी द्रव्यं तयार होतात. लिंबातलं आम्ल विकराला सुस्त करतं आणि क जीवनसत्त्व झालेलं ऑक्सिडीकरण उलटवतं. बर्फ एकंदरच सगळं मंद करतो. चिरलेलं वांगं पाण्यात टाकतो ते हवा तोडण्यासाठी.

रेवदंडेकर

आणि विळी? लोखंडी विळीवर कैरी चिरली की काळे डाग पडतात, सुरीवर पडत नाहीत.

प्रयोगवही

ते वेगळं. तिथे लोखंड आणि फळातली तुरट द्रव्यं मिळून काळा रंग होतो. लोखंडी कढईत आवळा शिजवला तर शाईसारखा होतो तो याच जातीचा. पूर्वी हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा एक क्षार) मिळवून शाई करत, तेच रसायन.

उंटावरचा_शहाणा

आमरसात कोय टाकून ठेवली की आमरस काळा पडत नाही, हे मात्र थोतांड. करून पाहिलंय. एका वाटीत कोय, एका वाटीत नाही. दोन्हींचा वरचा थर सारखाच काळवंडला. कोयीखालचा तेवढा भाग पिवळा राहिला, कारण तिथे हवा पोचली नाही. कोयीऐवजी वाटी उपडी टाकली असती तरी तेच झालं असतं.

अन्नपूर्णा_ठाणे

पण आमची आजी टाकायची!

उंटावरचा_शहाणा

तुमच्या आजीला कोय चोखायला हवी असेल नंतर.

अन्नपूर्णा_ठाणे

...हे शक्य आहे.

रेवदंडेकर

कोकणातून कोकम आल्याशिवाय हा धागा पूर्ण होणार नाही, म्हणून लिहितो. लग्नात पांढऱ्या झब्ब्यावर सोलकढी सांडली. घाईत जाऊन साबण लावला तर गुलाबी डाग निळसर-हिरवा झाला. त्याच झब्ब्यावर आमटीचा पिवळा डाग होता, तो साबणाने लाल झाला. मी हॉलमध्ये परत आलो तेव्हा होळी खेळून आल्यासारखा दिसत होतो. बायको म्हणाली, तू तिकडे गेलास कशाला?

प्रयोगवही

अहो, तुमचा झब्बा म्हणजे अख्खी प्रयोगशाळा. कोकमाचा लाल रंग अँथोसायनिन गटातला. आम्लात लाल, सामू (pH, आम्लता मोजण्याचं माप) वाढला की जांभळा, निळसर, हिरवट. हळदीतलं कर्क्युमिन आम्लात पिवळं आणि अल्कलीत तांबडं. कुंकू पूर्वी घरोघरी हळदीपासून करत ते याच गुणावर. हळदीवर लिंबू पिळलं की डाग पुन्हा पिवळा. आणि हळदीचा डाग उन्हात फिका पडतो, म्हणून झब्बा धुऊन उन्हात वाळत टाका. कोकमाचं सांगता येत नाही.

अन्नपूर्णा_ठाणे

म्हणजे ढोकळ्यावर लाल ठिपके येतात ते हेच! हळद घातलेल्या पिठात सोडा नीट मिसळला नाही की मधेमधे तांबडे ठिपके. सुरुवातीला मला वाटायचं पीठच खराब आहे. आता हळद एकदम कमी घालते आणि सोडा पाण्यात विरघळवून मगच.

गुळाचा_खडा

मी गेली तीन वर्षं गुळाचा चहा नासवतोय. कुणी सांगेल का काय चुकतं? आधीच सांगतो, साखरेचा चहा पीत नाही.

अन्नपूर्णा_ठाणे

गूळ दुधाबरोबर उकळू नका. पाणी, चहा पावडर, आलं उकळून घ्या, दूध वेगळं तापवून घाला, गॅस बंद करा, मग किसलेला गूळ. लगेच गाळा. आलं पण दुधात कच्चं टाकू नका, आधी पाण्यात उकळू द्या.

प्रयोगवही

गूळ थोडा आम्लधर्मी असतो, त्यात क्षारही असतात. उकळत्या दुधात केसिनचा तोल त्याने ढळतो. आल्याचं कारण अननसासारखंच, त्यातही प्रथिनं तोडणारं विकर आहे आणि उकळल्यावर ते मरतं. अन्नपूर्णाताई, तुम्ही माझ्या वर्गात असतात तर मी लवकर निवृत्त झालो असतो.

गुळाचा_खडा

जमला! तीन वर्षांत पहिल्यांदा. फोटो टाकणार होतो पण पिऊन टाकला.

चिंचोके

सगळा धागा वाचला. मी भाषेची माणूस, रसायन कळत नाही. पण एक लक्षात आलं. शाळेच्या तक्त्यात दोनच रकाने आहेत आणि आपण इथे दीडशे ओळी लिहिल्या तरी 'रासायनिक बदल झाला' असं कुणीच म्हणालं नाही. सगळे म्हणताहेत नासलं, काळं पडलं, आंबलं. मराठी स्वयंपाकघरात प्रत्येक बदलाला वेगळं क्रियापद आहे. दूध नासतं, पण आमटी विटते. पीठ आंबतं. शेंगदाणे खवट होतात. चिवडा सादळतो. तेल थिजतं. लोणचं मुरतं. भाकरी बुरसते. पितळी भांड्यात ताक कळकतं. काकडीला पाणी सुटतं. मुलीने तक्त्यात हेच शब्द घातले तर?

उंटावरचा_शहाणा

हे आवडलं. आता त्यांची विभागणी करू. सादळणे: भौतिक. हवेतला ओलावा शोषला, मंद आचेवर भाजला की परत कुरकुरीत. थिजणे: भौतिक, खोबरेल २४ अंशांच्या खाली गेलं की थिजतं आणि उन्हात ठेवलं की पातळ. पाणी सुटणे: भौतिक, मीठ घातलं की बाहेर येतं.

प्रयोगवही

खवट होणे: रासायनिक, तेलाचं ऑक्सिडीकरण. कळकणे: रासायनिक, ताकातल्या आम्लात तांब्याचे क्षार उतरतात, म्हणून तर कल्हई. आंबणे, विरजणे: सूक्ष्मजीव साखरेचं आम्ल करतात, दुधाचा सामू ४.६ च्या आसपास आला की केसिन गोठतं.

मुरणे अवघड आहे. मीठ आत जातं, पाणी बाहेर येतं, तेवढं भौतिक. पण फोड मऊ होते, आंबटपणा बदलतो, मसाल्याचा उग्रपणा जातो, ते रासायनिक. एकाच बरणीत दोन्ही.

टवाळ_तात्या

बर्फाच्या पेप्सीकोल्याचं काय? ओढून ओढून चोखला की रंग आणि गोडी आधी निघून जायची आणि हातात पांढरा बर्फ उरायचा. बालपणीची सर्वात मोठी फसवणूक.

प्रयोगवही

शुद्ध भौतिक! पाणी गोठताना साखर आणि रंग स्फटिकाच्या बाहेर ढकलतं. ते स्फटिकांच्या मधल्या फटींत दाट पाक होऊन राहतात. तुम्ही चोखलात की पाक आधी येतो. फसवणूक नाही, तात्या, घाई.

वऱ्हाडी_ठसका

ते नीरेचं पण लिहा कोणीतरी. पहाटेची नीरा, ऊन चढलं की ताडी. सरकारी नीरा केंद्रावर थंडगार ठेवतात ते उगाच नाही. मडक्याला आतून चुना लावतात म्हणजे आंबायला उशीर होतो. एकच भांडं, सकाळी चालतं, दुपारी पोलीस.

चकली_बिघडली

आले परत. तुमच्या सगळ्यांमुळे शनिवारी घरात प्रयोग झाला. पेटीतली शेवटची संत्री वापरली, त्यामुळे वऱ्हाडी दादा, माफ करा.

चार ग्लास केले. पहिला: फोडी बियांसकट मिक्सरला. दुसरा: बिया काढून मिक्सरला. तिसरा: प्रत्येक पाकळीची साल आणि शिरा काढून फक्त आतला गर हाताने दाबून लगेच गाळला (यात माझा दीड तास गेला, हे रोज कुणी करणार नाही). चौथा: दुसऱ्यासारखाच, पण उकळी आणून गार केलेला. ग्लासांखाली लेकीने आकडे चिकटवले, नवऱ्याला डोळ्यावर पट्टी बांधून चाखायला लावलं. रात्री नऊला आणि सकाळी सातला.

रात्री नऊला: पहिला किंचित कडवट, दुसरा आणि तिसरा गोड, चौथ्याला नवरा म्हणाला "हे औषध कुणाचं?" सकाळी: चौथा आणि पहिला कडूजहर, दुसरा स्पष्ट कडू, तिसऱ्यात जरासा, म्हणजे सांगितलं नसतं तर कळला नसता.

म्हणजे शहाणे दादा, बियांनी फरक पडतो, पण बियांशिवायही होतंच.

उंटावरचा_शहाणा

अर्धा बरोबर. मी कुठे हललो?

शिकागोची_थंडी

चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला तर? आम्लच नाही तर कडं बंद होणार नाही ना?

प्रयोगवही

तर्क चोख आहे. पण सगळं आम्ल मारलं की जे उरेल त्याला संत्र्याचा रस कुणी म्हणणार नाही, आणि क जीवनसत्त्वही जाईल. त्यापेक्षा वऱ्हाडी दादांचं ऐका, सोलून खा.

चकलीताई, प्रयोग उत्तम. एकच सूचना, एकाच माणसाच्या जिभेवर विसंबू नका. अजून दोघं तरी हवेत.

चकली_बिघडली

सासूबाई आणि शेजारच्या काकू तयार आहेत, पण संत्री संपली.

लेकीने तक्ता नव्याने केला. भौतिक, रासायनिक, आणि मध्ये तिसरा रकाना: 'आधी हे, मग ते'. त्यात रस काढून ठेवणे, लोणचं मुरणे, ऊस चरकातून काढणे, वांगं चिरणे. पहिल्या रकान्यात सादळणे आणि पेप्सीकोला. दुसऱ्यात कळकणे, त्याचा अर्थ तिने सासूबाईंना विचारून खाली लिहिला.

चिंचोके

आणि बाई काय म्हणाल्या??

चकली_बिघडली

लाल शाईने लिहिलंय, "तिसरा रकाना कोणी सांगितला?" आणि त्याखाली, "सोमवारी वर्गात एक ग्लास ताजा आणि एक रात्रीचा घेऊन ये."

वऱ्हाडी_ठसका

पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. बागेतली पेटी पाठवतो. मृगाची यायला वेळ आहे, आंबियाचीच कच्चट पाठवतो, चांगली कडू होईल.

टवाळ_तात्या

बाईंना कुठला ग्लास देणार?

चकली_बिघडली

लेक म्हणते, बाईंना ताजा. रात्रीचा मुख्याध्यापकांना.